हाड काढायचं, जोडायचं की सांधा बदलायचा? आईच्या अंगठ्याची गोष्ट

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. त्यामुळे आज मध्ये मध्ये कुणी मला थांबवणार नाही, सांभाळून घ्या.

सुरुवातीला एक गंमत. फोन एका हातात असेलच. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं? आपण त्याला सरसकट शीर म्हणतो, पण ती शीर नाही. ती कंडरा आहे, म्हणजे टेंडन. काहींना ती दिसणारच नाही, घाबरू नका. काही लोकांना ती जन्मापासूनच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. तिच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला, आणखी एक जाडसर कंडरा आहे. हाताचे सर्जन या दोघींकडे जरा स्पेअर पार्टसारखंच बघतात. का, ते पुढे येईलच.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यात हाताच्या पेशंटबरोबर काम करते. ऑपरेशननंतर बोटं परत हलायला लावणं, स्प्लिंट बनवणं, हे माझं रोजचं काम. मी सर्जन नाही. आणि आजची गोष्ट माझ्या पेशंटची नाही, आईची आहे.

आई सांगलीला असते. तीस वर्षांहून जास्त शिवणकाम करते. अस्तराचे ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी. गेल्याच्या गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉल चालू होता, आई मागे कापड बेतत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती कात्री दोन हातांनी धरतेय. उजवा हात कात्रीत, आणि डाव्यानं उजवा दाबायचा. मी विचारलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "काही नाही गं, कात्रीला धार राहिली नाही." धार बाबांनी आठवड्यापूर्वीच लावून आणली होती.

मी दिवसभर लोकांचे अंगठे बघते आणि घरचा अंगठा मला दीड वर्ष दिसला नाही. असो.

आता हा सांधा नेमका कुठला? अंगठ्याच्या नखापासून खाली या. पहिला सांधा, दुसरा सांधा, आणि आणखी खाली, मनगट सुरू होतं तिथे एक उंचवटा लागतो. तो तिसरा. तिथे ट्रॅपेझियम नावाचं एक छोटं हाड आहे, आणि त्यावर अंगठ्याचं लांब हाड बसतं. कसं बसतं? घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरावर स्वार बसतो तसं. पुढे-मागे होता येतं, डावी-उजवीकडे झुकता येतं, थोडं वळताही येतं. म्हणून अंगठा बाकीच्या चारही बोटांपर्यंत पोहोचतो. पण एवढी मोकळीक दिली की तो सांधा धरून ठेवायचं काम लिगामेंटवर येतं. लिगामेंट सैल झाली, कूर्चा झिजली, की स्वार खोगिरावरून बाहेरच्या बाजूला घसरायला लागतो. दुखरा उंचवटा दिसतो तो हाच.

आणि या सांध्यावर भार किती येतो? 1977 मध्ये कूनी आणि चाओ या दोघांनी याचं गणित मांडलं होतं. अंगठा आणि बोटाच्या टोकात तुम्ही एक किलोच्या जोरानं चिमूट धरली, तर मुळाशी साधारण बारा किलोचा दाब पडतो. मूठ जोरात आवळली तर तो आकडा 120 किलोपर्यंत जाऊ शकतो. आता अस्तरासकट चार पदर कापडातून चालणारी कात्री डोळ्यासमोर आणा. रोज. किंवा फरशी पुसायचा फडका पिळणं, बरणीचं झाकण, किसणी, कणीक तिंबणं.

इथे मला हमखास एक मेसेज येतो, "ताई, मोबाइलमुळे हे होतं का?" खरं सांगू? एका हातानं तासन्‌तास टाइप करून अंगठा दुखतो, तो नक्की दुखतो. पण तुमच्या वयात ते बहुतेकदा मनगटापाशी, कंडरांच्या आवरणाला सूज आल्यामुळे असतं. ते वेगळं दुखणं आहे. ही झीज मुख्यतः पन्नाशीच्या पुढची, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, जास्त. मोबाइलमुळे अंगठ्याचं मूळ झिजतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हा भाग तुमच्यासाठी आहे तो तुमच्या अंगठ्यामुळे नाही. घरात ज्यांचा अंगठा दुखतोय त्यांच्या रिपोर्टचा फोटो शेवटी तुमच्याच व्हॉट्सअॅपवर येतो, म्हणून.

तर आईचा एक्स-रे काढला. या झिजेच्या चार पायऱ्या मानतात, आई तिसरीवर होती. पण एक लक्षात ठेवा, ऑपरेशन फोटोचं करत नाहीत. एक्स-रेत सांधा पार गेलेला आणि माणूस मजेत पोळ्या लाटतोय, असं मी पाहिलंय. उलटही पाहिलंय. किती दुखतं, रात्री जाग येते का, कुठलं काम सुटलं, यावर ठरतं.

आणि ऑपरेशन ही पहिली गोष्ट नव्हेच. मी आईसाठी स्प्लिंट बनवला, एक कडक, रात्रीसाठी, आणि एक मऊ, कामाच्या वेळचा. अंगठा गोल ठेवून पकडायचे व्यायाम शिकवले. कात्री बदलली, स्प्रिंगची आणली, जी आपोआप उघडते. बरणीला रबरी पकड. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, पहिलं पाच महिने चाललं. आई खूश. दुसरं पाच आठवडे. बऱ्याच लोकांचं या सगळ्यात भागतं, खरंच भागतं. आईचं वर्षभर भागलं आणि मग थांबलं. एका लग्नाची अकरा ब्लाउजं तिनं परत पाठवली, त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "आता काय करायचं ते कर बाई."

आम्ही दोन सर्जनकडे गेलो. एक म्हणाले, हाड काढू. दुसरे म्हणाले, सांधा बदलू. आणि कोल्हापूरचे मामा, जे डॉक्टर नाहीत पण ज्यांना सगळं माहीत असतं, ते म्हणाले, "सांधा फिक्स करून टाका, दुखायचा प्रश्नच मिटला." गंमत म्हणजे तिघांचीही ऑपरेशनं खरी आहेत.

मामांपासून सुरू करते. सांधा फिक्स करणं म्हणजे झिजलेली दोन्ही टोकं तासून, तारा किंवा प्लेट लावून ती एकमेकांना जोडायची, की तिथे सांधा उरतच नाही. जोर चांगला राहतो. म्हणून जड अंगमेहनत करणाऱ्या तरुण माणसासाठी, जुन्या फ्रॅक्चरनंतर सांधा बिघडला असेल तर, अजूनही याचा विचार होतो. पण हाडं जुळलीच नाहीत तर परत ऑपरेशन. शेजारच्या सांध्यांवर भार वाढतो. हॉलंडमध्ये चाळिशीच्या पुढच्या बायकांमध्ये हे ऑपरेशन आणि हाड काढायचं ऑपरेशन यांची तुलना सुरू केली होती. सांधा जोडलेल्या गटात त्रास इतके जास्त निघाले की तो अभ्यास मध्येच थांबवला, 2014 मध्ये ते छापून आलं. आणि आईच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. सांधा जोडला की तळहात टेबलावर सपाट टेकत नाही. मी तिला हे सांगितलं, तिनं समोरच्या कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग मी कापड बेतणार कसं?" मामांचा विषय संपला.

आता हाड काढणं. हे ऐकून सगळेच दचकतात. आईनंही विचारलं, "हाड काढल्यावर अंगठा उभा कशावर राहणार?" अगदी योग्य प्रश्न आहे, कारण सर्जन मंडळी गेली सत्तरेक वर्षं त्याच प्रश्नाभोवती फिरतायत. 1949 साली इंग्लंडमध्ये जर्व्हिस नावाच्या सर्जननी हे ऑपरेशन मांडलं. झिजलेलं ट्रॅपेझियम काढून टाकायचं, बस. हाडावर हाड घासायचं थांबतं, दुखणं थांबतं. मोकळ्या जागेत रक्त साकळतं, हळूहळू तिथे चिवट व्रणासारखा थर तयार होतो आणि तोच उशीचं काम करतो. अंगठा किंचित आखूड होतो.

पण सर्जनना वाटलं, रिकामी जागा ठेवायची म्हणजे अंगठा खाली घसरेल, जोर जाईल. मग सुरुवातीला तुम्ही मनगटावर पाहिलेल्या त्या कंडरा कामाला आल्या. कुणी कंडरा काढून, तिची गुंडाळी करून ती रिकाम्या जागेत भरली. या गुंडाळीला इंग्रजीत अँकोव्ही म्हणतात, एका छोट्या माशाच्या नावावरून. सर्जन लोकांची विनोदबुद्धी! कुणी शेजारच्या कंडरेची पट्टी काढून ती अंगठ्याच्या हाडातून ओवली आणि त्याला झोळीसारखा आधार दिला. 1980 च्या दशकात बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी दोन्ही एकत्र केलं, झोळी पण आणि गुंडाळी पण. ते इतकं लोकप्रिय झालं की आजही बऱ्याच ठिकाणी तेच केलं जातं. आता काही जण कंडरेऐवजी मजबूत दोरा आणि दोन छोट्या बटणांनी अंगठ्याचं हाड तर्जनीच्या हाडाला टांगून ठेवतात. आईला हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे काज-बटण," ती म्हणाली.

मग प्रश्न असा, की एवढं शिवणकाम करून फायदा होतो का? इंग्लंडमध्येच 183 अंगठ्यांवर नीट चाचणी झाली, तिचे निकाल 2004 मध्ये आले. एका गटात नुसतं हाड काढलं, दुसऱ्यात कंडरेची गुंडाळी भरली, तिसऱ्यात झोळी आणि गुंडाळी दोन्ही. वर्षानं पाहिलं तर दुखणं, जोर, हालचाल, तिन्ही गटांत फरक नाही. त्याच लोकांना पाच ते अठरा वर्षांनी पुन्हा तपासलं, 2012 मध्ये छापलं, तरी फरक नाही. पुढे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून जे आढावे झाले, त्यांनाही यातलं एक ऑपरेशन दुसऱ्यापेक्षा सरस आहे असं दाखवता आलं नाही.

हे वाचून मी थक्क झाले होते. कारण मी ज्यांना थेरपी देते त्यातल्या बहुतेकांना झोळी-गुंडाळी दोन्ही केलेलं असतं. मी एका ओळखीच्या सर्जनना विचारलं, मग तुम्ही का करता? ते हसून म्हणाले, "मला झोप लागते म्हणून." मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, तो ती चांगली करतो. मात्र काही वेळा त्याला खरं कारणही असतं, उदाहरणार्थ हाड काढल्यावर टेबलावरच अंगठा फार लटपटतोय असं दिसलं तर.

तिसरा पर्याय, सांधा बदलणं. गुडघ्याचं ऐकलंय, अंगठ्याचं ऐकलं नसेल. फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात द ला काफिनिएर यांनी अंगठ्यासाठी छोटा वाटी-गोळ्याचा सांधा बनवला, खुब्यासारखाच, पण इवलासा. जुने सांधे सैल व्हायचे, निखळायचे, म्हणून बरेच सर्जन त्यापासून दूर राहिले. गेल्या काही वर्षांत नव्या रचनेचे सांधे आलेत, त्यात गोळा दोन ठिकाणी फिरतो, त्यामुळे निखळण्याचं प्रमाण कमी झालंय. याचा मोठा फायदा म्हणजे वेग. अंगठ्याची लांबी टिकते आणि पहिल्या काही महिन्यांत हात खूप लवकर कामाला लागतो. वर्षभरानं मात्र हाड काढलेले लोकही बरंचसं अंतर कापतात. सांधा महाग असतो, तो बसवायला ट्रॅपेझियम पुरेसं मोठं आणि दणकट लागतं, आणि तो करण्याचा अनुभव असलेले सर्जन आपल्याकडे कमी आहेत. बिघडलाच तर तो काढून, हाडही काढून, पहिल्या ऑपरेशनवर येता येतं, पण म्हणजे दुसरं ऑपरेशन.

अजून दोन-चार प्रकार आहेत. झीज नुकतीच सुरू झाली असेल तर हाड कापून त्याचा कोन बदलतात. काही जण दुर्बिणीतून सांधा साफ करतात, काही दुखणं नेणाऱ्या बारीक नसाच कापतात. आईच्या पायरीला यातल्या पहिल्याचा उपयोग नव्हता आणि बाकीचे आम्हाला कुणी सुचवले नाहीत, म्हणून पुढे जाते.

आता कबुली. मी आईला सांधा बदलण्याच्या बाजूनं ढकलत होते. तिला सांगत होते, लवकर बरी होशील, लग्नसराई गाठशील. सगळं खरं. पण मला रजा दोन आठवड्यांचीच मिळणार होती, बाबांना चहापलीकडे काही येत नाही, आणि ती लवकर हातीपायी सुटी झाली तर माझी सोय होणार होती. हे मी तिला बोलले नव्हते. तिला कळलं होतं. रात्री अंथरुणं घालताना म्हणाली, "तू तुझ्या रजेचं बघू नकोस. सत्तराव्या वर्षी हा सांधा हलला तर मला परत टेबलावर घेणार ना?" मी म्हटलं, घ्यावं लागू शकतं. "मग एकदाच काय ते."

दुसरं कारणही होतं. ट्रॅपेझियमच्या दुसऱ्या बाजूला, मनगटाच्या हाडाशी जो सांधा आहे, तिथेही तिला झीज सुरू झालेली दिसत होती. नवा सांधा बसवताना ट्रॅपेझियम तिथेच राहतं, म्हणजे ते दुखणंही मागे राहू शकतं. हाड काढलं की दोन्ही जागा एकदम मोकळ्या होतात. पहिल्या सर्जननी हे बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्यांच्या बोलण्यात हे आलंच नाही. मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तुम्ही कुणाबरोबर गेलात तर एक्स-रे समोर धरून हे नक्की विचारा. आणि हेही विचारा की ते स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात. विचारताना ओशाळं वाटतं, पण चांगले डॉक्टर रागवत नाहीत. मेडिक्लेमची पॉलिसीही आधीच उघडून वाचा, सांध्यांच्या झिजेला बऱ्याच पॉलिसींमध्ये सुरुवातीची काही वर्षं वेटिंग पीरियड असतो.

तर हाड काढलं. पूर्ण भूल नाही, फक्त हात बधिर केला होता. तासाभरात झालं. आई आतून डॉक्टरांशी गप्पा मारत होती, टाके कुठल्या पद्धतीचे घालताय वगैरे. एक तार घातली होती, ती चार आठवड्यांनी ओपीडीतच काढली. मग स्प्लिंट, मग माझी थेरपी, फोनवर.

आणि मग आठवा आठवडा. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सूज पूर्ण उतरलेली नाही, चिमटीत सुई राहत नाही, अंगठ्याच्या मागे रुपयाएवढी जागा बधिर. त्वचेची बारीक नस तिथूनच जाते, ती दुखावली की असं होतं, हे आधी सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं आणि झालेलं यात फरक असतो. मी फोन केला तर आई म्हणाली, "उगाच केलं मी हे. दुखत होतं तरी माझा हात होता तो." मला पेशंटला काय सांगायचं ते पाठ आहे, तीन ते सहा महिने लागतात, जोर यायला वर्षही लागतं. ते सगळं घशात अडकलं. मी शुक्रवारी रात्रीची गाडी धरली आणि सांगलीला गेले. दोन दिवस काही शिकवलं नाही. तिच्याबरोबर हूक-आय निवडत बसले. मोठे वेगळे, बारीक वेगळे. तिच्या लक्षात आलं की ही थेरपीच आहे, तेव्हा मला चांगलीच बोलली.

पाचव्या महिन्यात तिनं पहिला ब्लाउज बेतला, साधा, बिनअस्तराचा. आता चौदा महिने झालेत. रात्रीचं दुखणं गेलंय. जाड कापडाला कात्री अजून स्प्रिंगचीच लागते, नवी बरणी बाबाच उघडतात. बधिर जागा रुपयावरून आठ आण्यावर आलीय, असं तिचं मोजमाप. अंगठा थोडा आखूड झालाय हे फक्त मला दिसतं. दिवसाला दोन ब्लाउज होतात, पूर्वी चार व्हायचे.

डावा अंगठाही झिजलाय. डॉक्टरांनी विचारलं, कधी करायचा? आई म्हणाली, तुळशीच्या लग्नापर्यंत तर मुळीच नाही, नंतर बघू. सध्या डाव्याला रात्री स्प्लिंट आहे, आणि मी या वेळी काही सुचवलेलं नाही.

हा भाग टाकायच्या आधी मी तिला पूर्ण ऐकवला. म्हटलं, तुझी गोष्ट आहे, नको असेल ते काढते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. ती फॉल-पिको करत नाही. पिकोचं मशीन वेगळं असतं, ते पुढच्या गल्लीत. ती फक्त फॉल लावते, हातानं.